एक टेबल, एक दुपार: गोव्यातील ग्रंथालयांच्या आणि नाट्यमंडळांच्या चालकांना खुले पत्र

सन्माननीय चालक महोदय आणि महोदया,

सप्रेम नमस्कार.

गोव्यातील सार्वजनिक ग्रंथालये, रवींद्र भवने आणि गावोगावची नाट्यमंडळे चालवणाऱ्या आपणा सर्वांना हे पत्र लिहीत आहे. विनंती एकच आहे. टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या रोल-प्लेइंग खेळांना आणि ते खेळणाऱ्या मंडळींना आपल्या वास्तूत आठवड्यातून एक दुपार जागा मिळावी. विनंती लहान असली तरी तिच्यामागचे कारण सविस्तर मांडणे मला आवश्यक वाटते, कारण हा खेळ आपल्यापैकी अनेकांनी जवळून पाहिलेला नसेल, आणि ज्यांनी दुरून पाहिला असेल त्यांच्या मनात फाशांमुळे भलतीच शंका आली असेल.

खेळ असा चालतो. चार-सहा माणसे टेबलाभोवती बसतात. त्यांतील एक जण गेम मास्टर असतो. तो खेळातले जग उभे करतो, प्रसंग सांगतो आणि त्या जगात भेटणाऱ्या इतर सगळ्या माणसांच्या तोंडून बोलतो. बाकीच्या प्रत्येकाचे स्वतःचे एक पात्र असते, आणि त्या पात्राचे बळ, चपळाई, बुद्धी, कौशल्ये, उणिवा आणि जवळची माणसे हे सारे एका कागदावर लिहिलेले असते, ज्याला खेळाडू कॅरेक्टर शीट म्हणतात. गेम मास्टर प्रसंग सांगून थांबतो आणि विचारतो, ‘आता तुम्ही काय करता?’ या प्रश्नाला ठरावीक पर्याय नसतात. संगणकावरच्या खेळात जे दार उघडण्याची सोय बनवणाऱ्याने केलेली नाही ते दार कधीच उघडत नाही. इथे मात्र खेळाडू ते दार फोडू शकतो, त्याला कान लावून आतले ऐकू शकतो, बाहेरच्या पहारेकऱ्याशी त्याच्या आजारी आईविषयी बोलत बसू शकतो, किंवा आत जाण्याचा विचार सोडून घरी परतू शकतो. ज्या कृतीचा शेवट काय होईल हे सांगता येत नाही तिच्यासाठीच फासा पडतो. सर्वाधिक प्रचलित पद्धतीत वीस बाजूंचा फासा टाकून त्यात पात्राच्या कौशल्याचा आकडा मिळवायचा, आणि ती बेरीज आधी ठरलेल्या आकड्याइतकी किंवा त्याहून अधिक आली तर कृती साधली असे मानायचे. नियमांची पुस्तके जाडजूड असली तरी त्यांचा कणा एवढाच आहे.

आमच्या टेबलावर गेल्या पावसाळ्यात रंगलेले एक कथानक सांगतो. गाव कल्पित होते, पण भोवतीचे खाजन आपलेच होते. अमावस्येच्या उधाणाची भरती चढत असताना मानशीचे दार, म्हणजे नदीचे खारे पाणी शेतात शिरू न देणारे लाकडी दार, कोणीतरी मोडलेले आढळते, आणि पाणी चढून शेत बुडण्याआधी काय करायचे ते पात्रांनी ठरवायचे असते. त्यांत एक होडीवाला होता, एक वैद्य होती, फौजेतून परतलेला एक शिपाई होता आणि चोऱ्या सोडून सुधारू पाहणारी एक मुलगी होती. शिपायाला दार दुरुस्त करायचे होते, चोर मुलीला ते कोणी मोडले हे शोधायचे होते, आणि वैद्याचे म्हणणे असे पडले की आधी राखणदाराला, म्हणजे गावाची राखण करणाऱ्या देवाला, रोटाचा नैवेद्य देऊन त्याची अनुमती घ्यावी. दार बसवण्यासाठी एकूण बारा आवश्यक होते आणि शिपायाकडे तीनचे कौशल्य होते. नववीत शिकणाऱ्या आमच्या एका खेळाडूने चटकन हिशेब मांडला: फाशावर नऊ किंवा त्याहून अधिक पडायला हवे, म्हणजे वीसपैकी बारा बाजू आपल्या, म्हणजे शंभरात साठ. मग तिनेच सुचवले की होडीवाल्याने कंदील धरून मदत केली तर नियमाप्रमाणे दोन फासे टाकून मोठा आकडा घेता येईल, आणि दोन्ही फाशांवर आठ किंवा त्याहून कमी पडण्याची शक्यता शंभरात सोळाच उरते, म्हणून यशाची शक्यता चौऱ्याऐंशी होते. संभाव्यतेचे हे गणित तिला त्या दुपारी कोणी शिकवायला बसले नव्हते. दार वाचवायचे होते म्हणून तिने ते केले.

त्यानंतर जे घडले ते मला अधिक मोलाचे वाटते. दार मोडणारा निघाला मासेमारीसाठी ती मानस लिलावात घेतलेला कर्जबाजारी माणूस. आपल्याकडच्या खाजनांची दुखणी ज्यांना ठाऊक आहेत त्यांना हा प्रसंग परका वाटणार नाही. त्याला गावासमोर उभे करावे, की त्याच्याकडून रातोरात बांध दुरुस्त करून घेऊन गप्प राहावे, यावर पात्रांत बराच वेळ वाद झाला. शिपायाची भूमिका करणारा मुलगा एरवी फार बोलत नाही, पण त्या दिवशी त्याने असा प्रश्न केला की ज्याचे शेत बुडाले असते त्याला न विचारता क्षमा करण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला. मी जी तयारी करून गेलो होतो त्यात हा प्रश्न कुठेच नव्हता. टेबलावर बसलेल्या माणसांनी एकमेकांचे ऐकले म्हणून तो निर्माण झाला.

नाट्यमंडळांच्या चालकांना यात ओळखीचे काही दिसेल अशी माझी खात्री आहे. पेडण्यात आणि पलीकडे सिंधुदुर्गात जे दशावतारी नाटक होते त्याला परंपरेने लिखित संहिता नसते. कोणते आख्यान लावायचे आणि कोणते पात्र कोणाच्या वाट्याला द्यायचे एवढे ठरते, आणि संवाद मात्र रंगमंचावर, समोरच्या नटाने टाकलेला शब्द झेलता झेलता, त्या घडीला घडतात. राजा झालेल्या नटाला रागावायचे आहे हे त्याला माहीत असते, पण कोणत्या शब्दांत रागावायचे हे राक्षस झालेला नट काय बोलतो त्यावर अवलंबून असते. नटाची ही हजरजबाबी तयारी ज्या प्रदेशाने पिढ्यान्‌पिढ्या जोपासली, त्या प्रदेशात रोल-प्लेइंग खेळाला परदेशी खूळ म्हणून बाजूला सारले जावे हे मला योग्य वाटत नाही. फरक आहेत, आणि ते मोठे आहेत. दशावतारात शेवट सर्वांना ठाऊक असतो आणि प्रेक्षक तो पाहायलाच जागतात. आमच्या टेबलावर शेवट गेम मास्टरलाही ठाऊक नसतो आणि प्रेक्षक कोणीच नसतो. परंतु माझ्या मते याच दुसऱ्या फरकामुळे हा खेळ नाट्यमंडळांच्या विशेष उपयोगाचा आहे. कला अकादमीच्या नाट्यस्पर्धेसाठी तालमी सुरू झाल्या की नवी मुले दारात उभी राहून पाहतात आणि रंगमंचावर चढायला बिचकतात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. प्रेक्षक नसलेल्या टेबलावर तीच मुले दुसऱ्याच्या आवाजात बोलू लागतात, दुसऱ्याच्या स्वार्थाची आणि भीतीची बाजू मांडू लागतात, आणि त्यांना कोणी ‘अभिनय कर’ असे सांगितलेले नसते.

या खेळाचा उगमही एका भाड्याच्या सभागृहात आहे, म्हणून तो इतिहास थोडक्यात सांगतो. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनिव्हा नावाचे एक लहान गाव आहे. तेथे १९६८ मध्ये गॅरी गायगॅक्स यांनी हॉर्टिकल्चरल हॉल हे गावातले सभागृह ५० डॉलर देऊन घेतले आणि नकाशांवर सैन्ये हलवून युद्धखेळ खेळणाऱ्या हौशी लोकांना एकत्र बोलावले. त्या मेळाव्याला जेन कॉन असे नाव पडले. पुढच्याच वर्षीच्या मेळाव्यात गायगॅक्स यांची गाठ मिनेसोटातील डेव्ह आर्नेसन या तरुणाशी पडली. मिनेसोटातील खेळाडूंमध्ये डेव्हिड वेस्ली यांनी एक वेगळा प्रयोग करून पाहिला होता: प्रत्येक खेळाडूच्या हाती सैन्य न देता एकेक व्यक्तिरेखा द्यायची आणि तिची उद्दिष्टे सांगायची. आर्नेसन यांनी त्यातून ब्लॅकमूर नावाचे सलग चालणारे काल्पनिक जग उभे केले, गायगॅक्स यांनी नियम लिहून काढले, आणि १९७४ मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्स या नावाने तीन पुस्तिकांची पेटी बाहेर पडली. पहिली आवृत्ती १००० प्रतींची होती. त्या काळात गायगॅक्स विम्याच्या कचेरीतली नोकरी गेल्यानंतर पादत्राणे दुरुस्त करून संसार चालवीत होते. आज जेन कॉन इंडियानापोलिस शहरात भरते आणि तेथे ७० हजारांहून अधिक लोक येतात. गोव्यात लगेच असे काही व्हावे असे माझे म्हणणे नाही. मुद्दा इतकाच की हौशी माणसांना भेटायला हक्काची जागा मिळाली नसती तर गायगॅक्स आणि आर्नेसन एकमेकांना भेटले असते की नाही कोण जाणे.

पुस्तकांनी हा खेळ जन्माला घातला, पण तो पन्नास वर्षे टिकवला तो खेळणाऱ्यांनी, आणि या पत्रात मला सर्वाधिक गौरव त्यांचाच करायचा आहे. गेम मास्टर एका दुपारच्या खेळासाठी कित्येक रात्री नकाशे काढतो, माणसांची नावे ठरवतो आणि गावांचा इतिहास रचतो, आणि त्याबद्दल त्याला काही मिळत नाही. नवा माणूस आला की त्याच्यापुढे फाशांची पिशवी सरकवली जाते, आणि कोणीतरी आपला डाव थांबवून त्याचा कागद भरायला मदत करते. नियमांचे एक पुस्तक पणजीहून म्हापशाला आणि तेथून डिचोलीला हातोहात फिरत असते. आमच्यातला एक खेळाडू जहाजावर नोकरी करतो. तो समुद्रावर असतो तेव्हा त्याचे पात्रही कथेत प्रवासाला निघते, आणि रजेवर घरी आला की त्याच्या पात्राने परदेशातून काय बातमी आणली हे ऐकायला सगळे जमतात. ज्या गोव्यात तारवटी, म्हणजे जहाजांवर काम करणारी माणसे, घरोघरी आहेत तेथे ही सोय कोणाला मुद्दाम सुचवावी लागली नाही. चित्रकला शिकणारी एक मुलगी प्रत्येक नव्या खेळाडूच्या पात्राचे चित्र काढून देते, आणि काहींनी ती चित्रे घरी चौकटीत लावली आहेत.

हा समाज आपल्या हक्कांविषयीही जागरूक आहे. सन २००० पासून डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या मूळ नियमांवर आधारित साहित्य इतरांना लिहिता आणि विकता येईल असा एक खुला परवाना अस्तित्वात होता, आणि त्याच्या आधारावर असंख्य लहान लेखक व प्रकाशक उभे राहिले. जानेवारी २०२३ मध्ये मालक कंपनी विझार्ड्स ऑफ द कोस्ट हा परवाना कडक अटींनी बदलणार असल्याचे उघड झाले, तेव्हा जगभरच्या खेळाडूंनी पत्रे लिहून, आपली सशुल्क सदस्यत्वे रद्द करून आणि कंपनीने मागवलेल्या अभिप्रायात स्पष्ट नकार नोंदवून विरोध केला. त्याच महिन्याच्या अखेरीस कंपनीने बदल मागे घेतला, आणि एवढेच नव्हे तर सुमारे ४०० पानांचा मूळ नियमांचा दस्तऐवज क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली सर्वांसाठी खुला केला. हा परवाना परत घेता येत नाही. एका मोठ्या कंपनीला वाचक आणि खेळाडू अशा प्रकारे मागे फिरवू शकले, ही गोष्ट ग्रंथालयाच्या चळवळीत आयुष्य घालवलेल्या माणसांना नक्की समजेल.

या घटनेचा आपल्याशी प्रत्यक्ष संबंध आहे. मूळ स्रोताचा उल्लेख केला की त्या दस्तऐवजाचा अनुवाद करता येतो, छापता येतो आणि वाटताही येतो. म्हणजे हे नियम मराठीत आणण्यासाठी कोणाची परवानगी मागावी लागत नाही, फक्त काम करावे लागते. सध्या आमच्या टेबलावर कथा मराठीत चालते, थट्टा-मस्करी कोंकणीत होते, आणि नियम मात्र इंग्रजीत वाचले जातात. ज्या मुलांचे इंग्रजी कच्चे आहे ती नियमांच्या वेळी मागे सरकतात, जरी कथेत त्यांची कल्पना सर्वांत पुढे धावत असली तरी. एखाद्या ग्रंथालयाने चार अनुवादक आणि चार खेळाडू एकत्र बसवले तर सुरुवातीच्या खेळाला पुरेल एवढी पन्नास पानांची मराठी पुस्तिका तयार होऊ शकेल, आणि त्या कामात माझा वेळ मी आनंदाने देईन. मला व्यक्तिशः असे वाटते की कोंकणी पुस्तिकाही बरोबरीनेच व्हावी, कारण टेबलावर या दोन भाषांचे भांडण मी कधी पाहिलेले नाही.

आता शंकांविषयी. पहिली शंका फाशांची. मांडवीच्या पात्रात कॅसिनोची जहाजे उभी असलेल्या राज्यात फासे पाहून कोणाच्या कपाळाला आठी पडली तर मी तिला दोष देणार नाही. या खेळात पैसा लावला जात नाही, पैज नसते, आणि कोणी जिंकत किंवा हरतही नाही, कारण सगळी पात्रे एकाच बाजूची असतात आणि गेम मास्टर त्यांचा प्रतिस्पर्धी नसतो. कोणत्याही पदाधिकाऱ्याने कधीही न कळवता येऊन पाहावे.

दुसरी शंका अशी की राक्षस, भुते आणि मंत्रतंत्र यांच्या गोष्टींनी मुलांच्या मनावर वाईट परिणाम होतो. अमेरिकेत १९८० च्या दशकात याच कारणावरून या खेळाविरुद्ध मोठे काहूर उठले होते. त्याआधी १९७९ मध्ये मिशिगनमधील एक विद्यार्थी बेपत्ता झाला तेव्हा वर्तमानपत्रांनी त्याचा संबंध या खेळाशी जोडला. पुढे त्याच्या अडचणी अगदी निराळ्या होत्या हे स्पष्ट झाले, पण तोवर या खेळाविषयीची भीती पसरली होती. ज्या मुलांनी जत्रेत पहाटेपर्यंत दशावतारातला संकासुर पाहिला आणि दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन पाढे म्हटले, त्या मुलांविषयी ही भीती बाळगण्याचे कारण मला दिसत नाही. तरीही खेळाडूंनी ही जबाबदारी झटकलेली नाही. पहिल्या बैठकीत कोणते विषय टेबलावर नकोत हे सर्वांशी बोलून ठरवले जाते. शिवाय जॉन स्टाव्हरोपोलस यांनी रूढ केलेली एक साधी पद्धत आम्ही पाळतो: फुली मारलेले एक कार्ड टेबलाच्या मध्यभागी ठेवलेले असते, आणि कोणालाही एखादा प्रसंग सहन होईनासा झाला तर त्या कार्डाला हात लावायचा, कारण सांगायचे नाही, आणि कथा तेथून पुढे सरकते. मुलांना एकमेकांच्या मर्यादा इतक्या स्पष्टपणे पाळायला लावणारा दुसरा खेळ मला ठाऊक नाही.

आवाजाची शंका खरी आहे. या खेळात हसणे होते, कधी ओरडणेही होते. वाचन कक्षात तो खेळला जाऊ नये हे आम्हालाही मान्य आहे, आणि म्हणूनच विनंती वेगळ्या खोलीची आहे.

सार्वजनिक वास्तूचाच आग्रह का, हेही सांगायला हवे. आज आम्ही कोणाच्या तरी घरी किंवा कॅफेत खेळतो. घरी जागा पुरत नाही, आणि कॅफेत दर तासाला काहीतरी मागवावे लागते, जे विद्यार्थ्यांना परवडत नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, आपल्या मुलीला अनोळखी माणसाच्या फ्लॅटवर खेळायला पाठवायला पालक तयार नसतात, आणि त्यांचे चुकते असे मी म्हणणार नाही. तीच मुलगी ग्रंथालयात जाते म्हटल्यावर त्यांची हरकत नसते. वाळपई, सांगे किंवा काणकोण येथल्या मुलांना पणजीला येऊन परतीची कदंब बस गाठायची तर खेळ अर्ध्यावर सोडावा लागतो. पणजीतील पाटो येथील कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयाची परंपरा १८३२ पर्यंत मागे जाते आणि आम्हा सर्वांना तिचा अभिमान आहे, पण या कामासाठी तालुक्याचे लहान ग्रंथालय अधिक उपयोगी पडेल असे माझे प्रामाणिक मत आहे.

प्रत्यक्ष मागणी पुढीलप्रमाणे आहे. जून ते सप्टेंबर या काळात जत्रा फारशा नसतात, उघड्यावरचे कार्यक्रम बहुधा बंद असतात आणि बऱ्याच ठिकाणी सभागृहे व तालमीच्या खोल्या दुपारी रिकाम्या राहतात. त्या चार महिन्यांत दर रविवारी दुपारी तीन ते सहा एक खोली, एक मोठे टेबल आणि सहा-सात खुर्च्या मिळाव्यात. फासे, कागद, पेन्सिली आणि पुस्तके आम्ही आणू, आणि खोली झाडून, पंखे-दिवे बंद करून किल्ली परत करू. ग्रंथालयांनी शक्य झाल्यास नियमांच्या पुस्तकांचा एक संच विकत घेऊन संदर्भ विभागात ठेवावा, कारण ही पुस्तके महाग आहेत आणि एका विद्यार्थ्याच्या आवाक्यातली नाहीत. त्याच कपाटात केर्नसारखे लहान पुस्तिकेत मावणारे आणि मोफत उपलब्ध असलेले खेळही छापून ठेवता येतील. नाट्यमंडळांनी आपल्या होतकरू नटांना एखाद्या रविवारी आमच्याकडे पाठवावे, आणि आपल्या ज्येष्ठ दशावतारी कलाकारांपैकी कोणी आमच्या टेबलावर येऊन बसले तर त्यांच्याकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे हे आम्ही जाणतो.

आपला निर्णय पावसाळा सुरू होण्यापूर्वी ठरला, तर पहिल्या रविवारच्या खेळाची सूचना आम्हाला आपल्या फलकावर वेळेत लावता येईल. निर्णयापूर्वी आपल्या कार्यकारिणीसमोर खेळाचे प्रात्यक्षिक दाखवायचे असल्यास त्यासाठी दोन तास पुरतात, आणि सांगाल त्या दिवशी आम्ही येऊ.

आपला नम्र,
फोंडा तालुक्यातील एक गेम मास्टर